दोडक्याच्या वेलाखालची गाडी

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ती पांढरी गाडी माझ्या मनातून हललेली नाही. त्या वेळी मी गोंदिया जिल्ह्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. साहेब देवळात गेले तरी आधी चपलांकडे कोण बघतंय ते बघतात, असं माझे शिपाई माझ्यामागे म्हणत. खोटं नव्हतं. संशय घेणं हे माझं कामच होतं आणि त्याचा मला गर्व होता.

भाद्रपदातल्या एका मंगळवारी भर दुपारी एका पांढऱ्या छोट्या एसयूव्हीने जंगल नाक्यावरचा बांबूचा अडसर उडवला. तिथल्या होमगार्डचा पाय मोडला आणि गाडी पसार झाली. कॅमेऱ्यात नंबर स्पष्ट आला होता. कागदावरचा मालक नागपूरचा. त्याने ती पावसाळ्याआधीच गोंदियातल्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाला विकली होती. पुढचं नाव अजून कागदावर चढलं नव्हतं.

हा दलाल माझा जुना खबऱ्या. मी फोन लावायच्या आत त्याचाच फोन आला.

"साहब, पक्की खबर है. वो गाडी मैंने एक वनरक्षक को बेची थी. घर के पीछे ताडपत्री से ढककर रखी है. छुपाने का कुछ तो कारण होगा ना?"

वनरक्षक म्हणजे जंगलातल्या सगळ्या वाटा पाठ. मला तेवढं पुरे होतं. गुरुवारी सकाळी दोन पंच घेऊन आम्ही त्याच्या गावी पोहोचलो.

गोंड कुटुंब. घरात तो, अंगणवाडीत काम करणारी बायको आणि गुडघ्यांनी थकलेली आई. गोठ्यालगत निळ्या ताडपत्रीखाली गाडी उभी होती आणि कुंपणावरचा दोडक्याचा वेल तिच्यावर चढला होता.

"ओढा ती ताडपत्री," मी म्हणालो.

म्हातारी काठी टेकत पुढे आली. "वेल तुटल जी साहेब. हळू काढा ना."

"आजी, बाजूला व्हा."

शिपायांनी झटका दिला. वेल ताडपत्रीसकट खाली आला, दोडके चिखलात पडले. आत पांढरी गाडी, तोच नंबर, पुढच्या बंपरला पोचा. चावी फिरवली तर पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं. आमचे हवालदार उकिडवे बसून पंचनामा लिहीत होते. बारीकसारीक सगळं टिपायची त्यांना खोड होती. "भाजीबाजार नका भरवू, बंपर लिहा," मी त्यांना दटावलं. मग आमच्याच शिपायाने ती गाडी ठाण्यात आणली.

ठाण्यात मी त्याला समोर बसवलं. "गाडी कधी घेतलीस?"

"आषाढात घेतलो जी. मायले मोटरसायकलवर बसता येत नाई. तिले दवाखान्यात न्याले घेतलो."

"आणि चालवली किती?"

"नाई चालवलो."

"दोन महिने गाडी दारात, आणि चालवली नाहीस?"

"नवाखाणी व्हाची हाये ना साहेब. नव्या धानाचा घास देवाले चढते, त्या दिवशी घरातली नवी वस्तू देवाले दाखवाची, मंग वापराची. मायचा नेम हाये."

मला हसू आलं. "अरे, दुसऱ्याने पाच वर्षं पिदडलेली गाडी. ती नवी कशी?"

"आमच्या घरी तर नवीच हाये ना जी."

बंपरचा पोचा गाडी घेतानाच होता म्हणाला. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी ताडपत्रीचा कोपरा उचलून जागेवरच इंजिन चालू करत होता म्हणाला. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार! तयार उत्तरं देणारा माणूस मला कधीच आवडला नाही. मी अटक दाखवली, न्यायालयाने पोलीस कोठडी दिली.

जाता जाता तो एवढंच म्हणाला, "साहेब, शनिवारी सकाळी अकराले कोठडीत अठ्ठेचाळीस तास होतात. मंग नियमानं माही सरकारी नोकरी निलंबनात जाते. मी काई केलो नाई."

"मग खरं बोल," मी म्हणालो.

शुक्रवारी दुपारी कागद तपासताना पंचनामा हातात आला. माझ्या दटावणीला न जुमानता हवालदारांनी लिहिलं होतं: 'ताडपत्रीवर दोडक्याचा जिवंत वेल. वेलाचे तणावे पुढील उजव्या चाकाच्या तबकडीत शिरून गुंतलेले. वेलास सात दोडके, पैकी दोन जून.' खाली दोन्ही पंचांच्या सह्या.

मी ते दोनदा वाचलं आणि हवालदारांना बोलावलं.

"चाकात वेल होता?"

"होता ना साहेब. मी हातानं सोडवला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही भाजीबाजार म्हणालात," ते शांतपणे म्हणाले.

दोडका जून व्हायला किती दिवस लागतात, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी सांगावं लागत नाही. मंगळवारी गाडी हलली असती तर गुरुवारी चाकात वेल कसा? वेल मी डोळ्यांनी पाहिला होता, आणि मीच तो तोडायला लावला होता. मग नाक्यावर होती ती कुठली गाडी? असा नंबर वापरायला कुणाला सोयीचा? ही गाडी जागची हलणार नाही हे ज्याला माहीत, त्याला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. फोन माझ्याआधी त्याने केला होता.

दलालाला ठाण्यात बोलावून चहा पाजला आणि सहज विचारलं, "ताडपत्रीचं तुला कुणी सांगितलं?"

"मैंने ही दी थी साहब. वो बोला था, नवाखाणी तक खड़ी रहेगी, तो..."

वाक्य अर्ध्यावर राहिलं. गाडी का झाकून ठेवली आहे हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. त्याच्या आवारात तशीच दुसरी पांढरी गाडी मिळाली. बंपरचा रंग ताजा होता आणि मागच्या चटईखाली त्याच नंबरच्या दोन पाट्या होत्या. गांजा आणायला तो ही गाडी त्या नंबरवर पळवत होता. संध्याकाळपर्यंत त्याने सगळं कबूल केलं.

शनिवारी न्यायालय उघडताच मी अहवाल घेऊन उभा होतो. वनरक्षक सुटला तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. नोकरी वाचली.

चार दिवसांनी न्यायालयाच्या आदेशाने गाडी परत द्यायला मी स्वतः गेलो. नवाखाणी अजून व्हायची होती. वेल वाळून कुंपणाला लोंबत होता. मी म्हातारीपुढे हात जोडले. "आजी, चुकलं माझं."

तिने गाडीच्या चाकावर तांब्याभर पाणी ओतलं. "चुकते जी माणूस," ती म्हणाली. "पण मी अजून नाई बसली ना तिच्यात. देवाच्या आधी तुमचे शिपाई बसले."

या प्रकरणात वरिष्ठांनी माझं कौतुक केलं. मी मात्र एवढंच शिकलो की मी संशय घेतला तो साध्या माणसावर, आणि आयती खबर आणून देणाऱ्यावर विश्वास ठेवला. आईला दवाखान्यात न्यायला घेतलेल्या त्या गाडीच्या पहिल्या फेरीची नोंद आजही ठाण्याच्या डायरीत असेल: जप्त वाहन, ठाण्यात जमा. खाली सही माझी आहे.