चार ओळींची जागा

भास्करकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी विजय नगरच्या घरी मेथी निवडत बसले होते. फोन त्यांच्या मुलाचा, अजयचा. त्याला मराठी सगळी समजते, पण बोलायला लागला की दोन वाक्यांत हिंदीवर येतो. "शालूदीदी, बाबा गेले... सुबह चाय पी, अखबार मांगा, और बस." ब्याण्णव वर्षांचे होते. अंथरुणाला खिळले नाहीत, कुणाकडून करून घेतलं नाही. सगळे म्हणाले तसं मीही म्हणाले की सोनं झालं. पण खरं सांगायचं तर मला आधी वाईट वाटलंच नाही. आधी मनात आलं ते हे, की आता विचारायचं राहिलं ते कायमचं राहिलं. माझी पहिली नोकरी मला माझ्या लायकीवर मिळाली, की काकांनी दुसऱ्या कुणाच्या ताटातली काढून माझ्या ताटात वाढली? पन्नासहून जास्त वर्षं हा प्रश्न मी घेऊन फिरते आहे, आणि तो ज्याला विचारायचा तो माणूस सकाळचा चहा पिऊन निघून गेला.

जबलपूरच्या घमापूर भागात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. काका कॉलेजात भूभौतिकी शिकवत. त्यातही त्यांचा जीव उथळ जमिनीत, म्हणजे वरच्या शंभर-दीडशे फुटांत. तिथे पाणी आहे की खडक, पोकळी आहे की मुरूम, हे न खणता ओळखायचं. चार लोखंडी खुंट्या एका रांगेत ठोकायच्या, बॅटरीतून वीज सोडायची आणि मधल्या दोन खुंट्यांवर आकडा वाचायचा. वाचणारा आकडा ओरडून सांगणार, लिहिणारा तो तेवढ्याच मोठ्यानं परत म्हणणार आणि मगच वहीत लिहिणार. एखादा आकडा वेड्यासारखा आला तरी खोडायचा नाही, त्याच्याभोवती गोल करून पुढे जायचं. मी एकदा खोडला तेव्हा त्यांनी दिवसभराचं काम पुन्हा करायला लावलं होतं. माझ्या हाताला फोड आले. काकू त्यांच्यावर चिडल्या, त्यांना काही फरक पडला नाही.

या विद्येची माणसं तेव्हा देशभर विखुरलेली, एकमेकांना ओळखत नसलेली. त्यांच्यासाठी काका दर महिन्याला चार पानं सायक्लोस्टाइल करून पाठवत. कुठे काय काम चाललंय, कुणाचं यंत्र विकायला आहे, आणि शेवटी 'संधी', म्हणजे कुठे जागा निघाली, कुठे शिष्यवृत्ती आहे. त्याला नाव नव्हतं, लोक 'जबलपूरचा कागद' म्हणायचे. मी कॉलेजात गेल्यापासून स्टेन्सिलवरचं अक्षर माझं. सागरचे एक तिवारी दर महिन्याला पोस्टकार्ड टाकत. मजकूर एकच, "कुछ निकले तो ज़रूर छापिएगा." एम.एस्सी.ला पहिले आलेले, घरी दोन बहिणी लग्नाच्या, आणि नोकरी नाही. त्यांचं कार्ड आलं की काका आधी ते वाचायचे.

त्या कागदावर लोकांचा भरवसा का होता, तेही सांगते. पासष्टच्या लढाईत गावातला लष्करी सामानाचा कारखाना तीन पाळ्यांत चालू लागला, माणसं वाढली आणि कामगारांच्या वसाहतीत पाणी पुरेना. माझे बाबा तिथेच कामाला. त्यांच्या शब्दाखातर काकांनी मैदानात खुंट्या ठोकल्या. आकडा उतरणं ही पाण्याची खूण; एका जागी तो असा झरझर उतरला की काकांनी तिथेच चुना टाकला. खणायला घेतलं. बारा फुटांवर पाण्याऐवजी लागल्या बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा, ढीगच्या ढीग. आधीच्या महायुद्धातला टाकाऊ माल कुणीतरी खड्ड्यात लोटून वर मैदान करून टाकलं होतं. त्याखाली ठणठणीत कोरडा मुरूम. बाबांना महिनाभर लोक "पंडितजी, लोहा कब निकलवा रहे हो?" म्हणून छळत होते. आणि काकांनी काय करावं? पुढच्या कागदात पहिल्याच पानावर, आकड्यांसकट, ही फजिती स्वतःच्या नावानं छापली. असा हा माणूस.

म्हणूनच एकाहत्तरचं मला कळत नाही. तेव्हा पुन्हा लढाई सुरू होती. त्या दुपारी काकू खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवत होत्या आणि मी स्टेन्सिल कापत होते. माझं एम.एस्सी. झालेलं, बाबांनी अमरावतीचं स्थळ जवळजवळ नक्की केलेलं. मुलाकडच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, सून जंगलात खुंट्या ठोकत फिरणार नाही. हातात नोकरीचं पत्र असेल तरच बाबा थांबणार होते. टपालात दक्षिणेकडच्या एका संस्थेची सूचना आली होती, संशोधन सहायकाची एक जागा. काकांनी ती मला दिली आणि म्हणाले, "आजच अर्ज टाक."

"आणि कागदात शेवटी घेऊ ना?"

"राहू दे. पान भरलं."

पान भरलं नव्हतं. चार ओळींची जागा होती, स्टेन्सिल माझ्यासमोरच होतं. काकांनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि मजकूर सांगितला, "खुंटीभोवतीची माती कोरडी असल्यास मिठाचं पाणी ओतावं." हे न जाणणारा एकही माणूस आमच्या यादीत नव्हता. मी लिहिलं. हात जरा थांबला... पण लिहिलं.

मुलाखतीला माझ्यासकट दोनच उमेदवार होते. एक साहेब सहज म्हणाले, "इस बार अर्ज़ियाँ ही नहीं आईं." मला जागा मिळाली, अमरावतीचं स्थळ मोडलं आणि पुढचं सगळं आयुष्य त्या एका पत्रावर उभं राहिलं. तिवारी पुढे कुठल्याशा शाळेत गणित शिकवायला लागले असं ऐकलं. मी स्वतःला अनेक वर्षं समजावलं, लढाईचे दिवस होते, कागद मिळत नव्हता, काकांच्या डोक्यात दुसरं काही असेल. त्यानंतर चार महिन्यांत जबलपूरचा कागद बंद पडला, तेव्हा वाटलं की मी नाही म्हणून पडला. त्याचा मला थोडा अभिमानही वाटला होता, आता काय लपवायचं.

तेराव्यानंतर काकूंना भेटायला गेले. अजय बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात सामान आणायला गेला होता, घरात आम्ही दोघीच. बोलता बोलता काकूच म्हणाल्या, "तू गेली अन् त्यांनी मशीनच कॉलेजला देऊन टाकली. मी म्हटलं, काहून बंद करून राहिले? लोकांची पत्रं येऊन राहिली. तर म्हणाले, चार ओळींची जागा होती तरी एक बातमी मी छापली नाही. आता लोकांनी कोणत्या भरवशावर वाचावं?"

डोळे भरून आले, पण ते काकांसाठी, तिवारींसाठी की माझ्यासाठी, हे मला अजून सांगता येत नाही. मला काकांचा राग आला, आणि त्यांचे पाय धरावेसेही वाटले, दोन्ही एकाच वेळी.

"तुला तर सांगितलंच असेल त्यांनी," काकू म्हणाल्या.

"नाही काकू. मी कधी विचारलंच नाही."

"काहून? दर दिवाळीला तर येत होती तू."

दर दिवाळीला येत होते. याच खोलीत, त्यांच्या खुर्चीसमोरच्या वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसून दोन-दोन तास बोलत होते. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. म्हणून तर विचारलं नाही. काकू चहा ठेवायला उठल्या आणि जाताना म्हणाल्या, "अगं, वर बस ना, खुर्ची रिकामीच आहे." मी मोढ्यावरच बसून राहिले.