नावावरची पट्टी

मुलुंडच्या आमच्या स्कॅन विभागात मला काम शिकवणाऱ्या बाई संगणकापुढे बसल्या की आधी कागदाची पट्टी काढून पडद्यावरच्या रुग्णाच्या नावावर चिकटवत. "नाव वाचलं की हात हलतो," म्हणत. डॉक्टर त्यांना पट्टीबाई म्हणायचे, तर त्या हसून आणखी एक पट्टी कापून ठेवायच्या.

हृदयाला रक्त कुठे कमी पोचतं, हे संगणक आकड्यांत सांगतो. पण त्याआधी चित्रातलं हृदय सरळ करून त्याभोवती कड आम्हाला आखावी लागते. कड चुकली की आकडा चुकला. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. जतहून आले तेव्हा माउस धरतानाही घाम फुटायचा. बाई मालवणकडच्या. म्हणाल्या, "मशीनला तुझी शाळा माहीत नाय गो. हात स्थिर ठेव." आज माझं घर चालतं ते त्या वाक्यावर.

कधी हृदयाला लागून आतडंही चित्रात उजळतं आणि खालचा काळा, म्हणजे रक्त कमी पोचणारा, भाग झाकून टाकतं. मग बाई रुग्णाला गार पाणी देत, "आजोबा, फोटो काढायचाय हृदयाचा, तुमचं आतडंच पुढे पुढे करतंय! जरा फेरी मारून या." आजोबा हसत हसत व्हरांड्यात चालायला जात. ते आले की पुन्हा स्कॅन.

गेल्या वर्षी जिना चढताना बाईंना धाप लागायला लागली आणि आमच्याच स्कॅनच्या टेबलावर त्या स्वतः झोपल्या. नंतर साडी सारखी करून माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"पट्टी लाव."

"बाई, कुणाचं आहे ते मला माहितीये ना."

"तरी लाव."

लावली. हृदयाची खालची बाजू छान उजळलेली होती. मला इतका आनंद झाला! बाई मात्र पडद्याकडे बघतच राहिल्या.

"आतडं आहे गो ते. पाणी दे."

"राहू दे ना, बाई."

"दुसऱ्या कुणाचं असतं तर राहू दिलं असतंस?"

पाणी पिऊन त्या एकट्याच व्हरांड्यात गेल्या. भिंतीला हात लावत, सावकाश चालत होत्या. दुसऱ्या स्कॅनमध्ये तो उजेड सरकला होता आणि खाली सगळं काळं होतं. मी कड आखली. डोळे भरले होते, पण हात हलला नाही. बाईंनी फक्त माझ्या पाठीवरून हात फिरवला.

ऑपरेशनला जाताना म्हणाल्या, "पट्ट्या कापून ठेवल्यात ड्रॉवरमध्ये." त्या परत आल्या नाहीत.

पट्ट्या आता मीच कापते. रुग्णांना पाणी देऊन फेरी मारायलाही पाठवते. फक्त बाईंसारखं हसवता येत नाही. माणूस परत येईपर्यंत माझं सगळं लक्ष दाराकडे असतं.