चाकासकट बैल

त्या संध्याकाळी बुढीने, माझ्या बायकोने, बैलाचा आस धरला आणि मी त्यावर चाक ठोकलं. तान्ह्या पोळ्याला लेकरं ओढतात तसला बैल, शिवणीच्या लाकडाचा. पण हा बैल शहरातल्या कलाकेंद्राच्या साहेबाचा होता. बिनचाकाचा पाहिजे, असं तो सांगून गेला होता. सकाळी न्यायला येणार होता. मी तसाच देत होतो, बुढी ऐकेना.

“पोट्टे बैल वढतेत का डोक्शावर घेऊन फिरतेत? लावा चाक.”

“साहेब पुन्हा बोलावनार नाही.”

“नोको बोलावू. आपल्याले का घर नाही?”

त्या केंद्रात आम्ही दोघं एकदा तीन महिने राहून आलो होतो. आम्ही गोंड, म्हणून बगिच्यात कुडाची झोपडी बांधून दिली. साकोलीकडे माझं कवेलूच्या छपराचं घर आहे, हे कोणी विचारलं नाही. फोटोसाठी अंगातली बंडी काढायला लावली. बाजारात मी कधी उघडा गेलो नाही, आणि तिथे शहाण्या माणसांपुढे उघडा बसलो. बुढीला रोज अंगण झाडायला लावत, पाहणाऱ्यांना बरं दिसतं म्हणून.

माझा बापही बैलाला चाकं लावायचा. केंद्रात साहेबाने माझ्यासमोर ती उपटली. म्हणे, चाकामुळे खेळणं वाटतं. अरे, खेळणंच आहे ते. बैलाजवळच्या पाटीवर लिहिलं, ‘आदिवासी कारागीर’. मला नाव नाही का? बैलाचे डोळे बुढीने रंगवले होते, तिचं तर पाटीवर काहीच नाही.

तरी पुन्हा बोलावणं यावं असं मला वाटायचं. शाल दिली होती ना.

चाक बसल्यावर बुढीने बैल अंगणात ओढून पाहिला.

“कुरकुर करून राहिला. सकाळी तेल घाला,” म्हणाली. मग जेवलो, झोपलो.

सकाळी ती उठलीच नाही.

माणसं जमली, त्यातच जीप आली. साहेब चपला काढून माझ्याजवळ बसला. हळूच म्हणाला, “फार वाईट झालं, बाबा. बैल झाला असेल तर नेतो. चाकं आम्ही तिकडे काढून घेऊ.”

“चाक काढाचे असन तं बैल नाही भेटत.”

“यंदा पुन्हा तुम्हालाच बोलवायचं होतं.”

“त्या झोपडीत तुमीच राहा.”

तो गेला. मी घरातलं टोळीचं, मोहाच्या बियांचं तेल घेतलं, दोन्ही आसांना घातलं आणि बैल तिच्या उशापासून दारापर्यंत ओढून पाहिला. आवाज नव्हता. बाया तिला आंघोळ घालायला आल्या, सरका म्हणाल्या. बैल काखेत घेऊन मी सरकलो.