मोठा कॅमेरा लागते

आमच्या सिंदेवाहीकडे फोटोग्राफरची लायकी त्याचे फोटो पाहून ठरत नाही. त्याच्या गळ्यात किती वजन लटकून राहिलं आहे, यावर ठरते. ज्याची मान वाकलेली, तो मोठा कलाकार. या हिशेबानं मी अनेक वर्षं फार मोठी कलाकार होते, कारण माझ्या कॅमेऱ्याला घरात सगळे रेडा म्हणत. हे नाव माझ्या नवऱ्यानं ठेवलं. ते मोटरपंप दुरुस्त करतात, म्हणजे जड वस्तूंशी त्यांचा रोजचा संबंध, तरी एकदा रेडा उचलून म्हणाले, "बाप्पा, हे गळ्यात घालाची वस्तू आहे का विहिरीत सोडाची?"

रेड्यानं माझा उजवा खांदा खाली आणला. मला ते कळलंच नव्हतं. ब्लाऊज शिवणारीनं माप घेता घेता विचारलं, "बाई, उजवीकडची बाही अलग मापाची करू काय?" मी तिला चांगलं झापलं आणि घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. खरंच, एका बाजूनं मी कावड वाहून राहिल्यासारखी दिसत होते. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तर सरळच सांगितलं, कॅमेरा सोडा नाही तर खांदा सोडा. मी डॉक्टरांवरही चिडले. चिडणं हा माझा स्वभाव आहे, त्याला औषध त्यांच्याकडेही नव्हतं.

शेवटी रेड्यानंच निकाल लावला. एका बारशात त्याच्या कार्डाच्या खोबणीतले दाते वाकले. बटण दाबलं की खटक म्हणायचा, फ्लॅश उडवायचा, पण फोटो आत ठेवायचा नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, याचा पार्ट आता मिळत नाही. मी रेड्याला टीव्हीशेजारच्या फळीवर बसवलं, वरून रुमाल टाकला आणि लहान मिररलेस घेतला.

जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात आरसा असतो, तो प्रत्येक फोटोला उडी मारतो, म्हणून तो खटक आवाज. याच्यात आरसाच नाही. हे मी नवऱ्याला समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "आरसा नाई, मंग आवाज नाई. आवाज नाई, मंग फोटो निघाला हे कोनाले समजन?" मी म्हटलं, मला समजेल, तेवढं पुरे. पुढं जे झालं ते पाहता त्यांचा प्रश्न बरोबर होता, पण हे मी त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही.

नवा कॅमेरा इतका हलका की पहिल्या दिवशी मी तो गळ्यात घालून भाकरी केल्या. काय सुख होतं ते. मला वाटलं, आता अजून वीस लग्नसराया तरी मी ओढून नेते. मग पहिल्या कार्यक्रमाला गेले, नागभीडकडं एक डोहाळजेवण होतं. मी फोटो काढून राहिले होते आणि घरातली माणसं दारात उभी राहून फोटोग्राफरची वाट पाहत होती. एका म्हाताऱ्या भाऊंनी माझ्या मुठीतली ती काळी वस्तू पाहिली, तळहात पुढं केला आणि म्हणाले, "बाई, थोडासा चुना देता काय?"

मी घरी आले आणि दोन दिवस भांडी आपटत राहिले.

अशात आमच्या गल्लीतले कंडक्टर भाऊ आले. एसटीत उभी हयात गेलेला माणूस. त्यांचा आवाज असा की घरात 'चहा झाला काय' विचारलं तरी रस्त्यावरचा माणूस बाजूला सरकतो. त्या दिवशी मात्र ते हळू बोलत होते. त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न आठवड्यावर आलं होतं, फोटो माझ्याकडं. आणि माझ्याजवळ लहान कॅमेरा आला, ही बातमी चुन्यासकट त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"बाई, साक्षगंधाच्या दिवशी नवरदेवाच्या मामानं एकच गोष्ट मागतली," ते म्हणाले. "हुंडा नाई, गाडी नाई, काईच नाई. म्हने फोटो मोठ्या कॅमेऱ्यानं झाले पायजेत. त्याइच्या घरच्या मागच्या लग्नात मोबाईलवाला आलता म्हने, पाहुन्याइनं लय हासे केले. मोठा कॅमेरा लागते, बस. मी जबान देऊन बसलो."

मी म्हटलं, भाऊ, फोटो याच्यातून जास्त चांगले येतात. मी त्यांना स्क्रीनवर दाखवले. त्यांनी पाहिलेही.

"चांगलेच आहेत. पन मामाले फोटो नाई, कॅमेरा पाहाचा आहे. एकच गोष्ट मागतली अन् तेही नाई देल्ली, तं माही पोरगी जनमभर आयकत राहीन. प्रत्येक सनाले निघन ते गोष्ट. तुह्या बापानं एवढंसं नाई केलं म्हनून." असं म्हणून ते रुमालाखालच्या रेड्याकडं पाहत बसले.

मी साफ नाही म्हटलं. मेलेला कॅमेरा गळ्यात घालून मिरवू? मग खांदा कशासाठी वाचवला? मी अजून दोन-चार गोष्टी बोलले असते, पण मागून नवरा म्हणाला, "मी धरतो ना रेडा. मले कोन फोटो काढा म्हनते? नुसतं खटक करत राहाचं."

आ बैल मला मार, दुसरं काय. पण कंडक्टर भाऊंच्या तोंडावर एकदम जीव आला, आणि माझ्या तोंडून नकार काही निघाला नाही. ठरलं ते असं: रेडा घेऊन नवरा समोर उभा राहील, त्याच्या कोपराला लागून मी उभी राहीन. लोक त्याच्याकडं पाहतील, म्हणजे जवळपास माझ्याकडंच पाहतील. गोष्ट आम्हा तिघांतच ठेवायची.

लग्न भर उन्हाळ्यातलं. मंडपात कूलर होते, पण त्यांच्यासमोर वरपक्ष बसला होता. माझा नवरा लग्नात आला तो पांढरी पॅन्ट, डोक्याला दुपट्टा आणि छातीवर रेडा अशा थाटात. मामा दारातच उभे होते, मिशी रंगवलेले, हातात पानाची पुडी. त्यांनी रेड्याला वरून खालून पाहिलं, हातानं तोलूनही पाहिलं. मग मान हलवली. "आता कसं," एवढंच म्हणाले. मागं उभ्या कंडक्टर भाऊंनी मोठा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

इथपर्यंत सगळं ठरल्यासारखं झालं. पण माणसाच्या गळ्यात मोठा कॅमेरा आला की त्याच्या अंगात काहीतरी येतं, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. ज्या माणसानं घरात कधी पाण्याचा ग्लास स्वतः उचलला नाही, तो मंडपात हुकूम सोडायला लागला. "मावशी, मान वरते. भाऊ, पोट आत. तुमी दोघं सरका, नवरी झाकून राह्यली." माझ्या कोपराला लागून उभं राहायचं ते सोडून हा कधी खुर्चीवर, कधी स्टेजच्या मागं, एकदा तर वाजंत्र्यांच्या टेम्पोवर चढलेला. आणि जिथं हा, तिथं सगळ्या मंडपाच्या माना. लोक पोट आत घेऊन श्वास रोखून उभे राहत, खटक झालं की सोडत. एकदा याला घाम पुसायला वेळ लागला तर वरमाईचा चेहरा जांभळा पडायला आला होता.

आणि मला कोणी विचारेना. मी मुंडावळ्यांच्या जवळ जाऊन फोटो घेत होते तर एका बाईनं मला खांद्याला धरून बाजूला केलं, "सरका बाई, फोटो काढून राह्यले ते." दुसरीनं माझ्या हातात अक्षतांचं ताट दिलं. तिसरी तर आपलं लेकरू माझ्या कडेवर ठेवून पंगतीला निघून गेली. डाव्या कडेवर लेकरू, उजव्या हातात कॅमेरा, आवाज तर त्याला नाहीच. मी पुऱ्या लग्नाचे फोटो काढले आणि मी फोटोग्राफर आहे हे कोणाला कळलं नाही. रागानं माझी कानशिलं तापली होती, पण लेकरासमोर बोलता येईना.

मंगलाष्टकं सुरू व्हायला थोडा वेळ होता तेव्हा ते झालं. मामा माझ्या नवऱ्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दाखवा बरं भाऊ, माहा कसा आला ते. मागं दिसते ना पडद्यावर."

नवऱ्यानं पडद्यावर तळहात ठेवला. मी कंडक्टर भाऊंकडं पाहिलं. ते मंडपाच्या खांबाला धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. आतापर्यंतचं सारं त्या एका काळ्या पडद्यावर आलं होतं. मी ठरवून टाकलं की पुढं व्हायचं आणि खरं सांगून मोकळं व्हायचं. लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पाऊल टाकलं, तेवढ्यात नवरा गंभीरपणे बोलला.

"नाई जमत मामा. नवरी मंडपाबाहेर पडेपर्यंत फोटो पाहाचा नसते. जोडीले नजर लागते."

असा कुठलाही रिवाज नाही. आमच्याकडं नाही, नागभीडला नाही, पुऱ्या मुलुखात नाही. पण मामाच्या शेजारी बसलेल्या नव्वदीच्या आजीबाई लगेच म्हणाल्या, "हो ना. आमच्या लग्नात बी नाई पाह्यला." त्यांच्या लग्नात कॅमेराच नव्हता. मग दुसरी म्हणाली, आमच्याकडं तर पाच दिवस पाहत नाहीत. तिसरीनं सांगितलं, तिच्या नणंदेनं पाहिला होता, म्हणून तर तिचा नवरा टिकला नाही. मामानं हात असा मागं घेतला जसा तव्याला लागला. त्यानंतर कोणा पोरानं मोबाईलवर सेल्फी पाहायला काढली की मामाच ओरडत, "ठेव तो मोबाईल, जोडीले नजर लावतं काय."

बिदाईच्या वेळी नवरा रेड्यासकट पंगतीला बसला होता, तिसऱ्यांदा बुंदी घेत. त्यामुळे ती वेळ तेवढी शांत गेली. मुलगी बापाच्या गळ्यात पडली, बायका रडत होत्या, पोज द्यायचं कोणाच्या ध्यानात नव्हतं. मी चार पावलांवर उभी राहून फोटो घेतले.

घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर टाकले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. पुरं लग्न दुसरीकडंच पाहत होतं. हार घालताना नवरदेव डावीकडं, नवरी वर, वरमाई टेम्पोकडं. मंडपात आपल्याला न दिसणारं काहीतरी उडत असावं आणि सगळं गाव त्याच्याकडं पाहत असावं, असे ते फोटो. लग्नात मला एवढं जाणवलं नव्हतं, कडेवरच्या लेकरानं जाणवू दिलं नव्हतं. मी नवऱ्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांचं उत्तर होतं, "पन पोटं बराबर आत आहेत, पाहा."

त्याच चिडीत मी फोटो पुन्हा पाहत गेले आणि तेव्हा दिसलं. एक माणूस प्रत्येक फोटोत सरळ माझ्याकडं पाहत होता. मागं, कडेला, गर्दीत, कुठंही असो, कंडक्टर भाऊ सरळ लेन्समध्ये पाहत होते. त्या मंडपात खरा कॅमेरा कोणता, हे आम्हा दोघांशिवाय त्यांना एकट्यालाच माहीत होतं ना. बिदाईच्या फोटोत मुलीचं डोकं त्यांच्या छातीवर, तिचा चेहरा दिसत नाही, आणि यांचे डोळे पुरे भरलेले, तरी माझ्याकडं लागलेले. मला त्यावेळी वाटलं, फोटो येऊन राहिला की नाही याची काळजी करत असतील. मी तिथं बसून थोडी रडले. नवऱ्याला वाटलं अजून रागातच आहे, म्हणून ते न सांगता चहा करायला गेले.

अल्बम मी भीत भीतच दिला. मामानं तो मांडीवर घेऊन पानं उलटली. मी आणि कंडक्टर भाऊ समोर बसलो होतो, दोघांचाही चहा तसाच राहिला.

"वाह," मामा म्हणाले. "याले म्हनतात मोठा कॅमेरा. पाहा, एकही मानूस कॅमेऱ्याकडे पाहून नाई राह्यला. एकदम सिनेमासारखं आलं." मग चष्मा काढून म्हणाले, "फक्त व्याही तेवढे हरेक फोटोत इकडेच पाहून राह्यले. त्याइले पोज नाई समजली."

कंडक्टर भाऊ म्हणाले, "आमाले कुठी येते पोज." आणि त्यांनी चहा उचलला. जाता जाता मामानं आपल्या पुतणीच्या लग्नाचं कामही सांगून टाकलं, पण त्यांना मी नको होते, मोठ्या कॅमेऱ्यावाले भाऊ हवे होते. ते भाऊ सध्या मानेला तेल लावून घेतात, माझ्याकडून.

काही दिवसांनी कंडक्टर भाऊंच्या मुलीचा सासरहून, नागभीडहून फोन आला. मला वाटलं, आता तक्रार येणार, फोटोंची गडबड तिलाच तेवढी समजली असेल. ती म्हणाली, "बाई, सारे कुठी पाहून राह्यले ते मले नाई माहीत. पन मी अल्बम उघडला का बाबा माह्याकडेच पाहून राह्यले असते. कोनतंही पान उघडा. घरची आठवन आली का मी तेच करतो."

संध्याकाळी भाऊ ड्युटीवरून आले तेव्हा मी त्यांना गल्लीतच गाठून हे सांगितलं. ते तिकिटांची मशीन खांद्यावर तशीच ठेवून उभे राहिले. त्यांचा तो मोठा आवाज कुठं गेला कोण जाणे.

"बराबर आहे," ते म्हणाले. "मले माहीत होतं ना, पोरगी पुढं तुमच्या त्या लहान कॅमेऱ्यातूनच मले पाहीन म्हनून."