पाठीची माती

आमच्या घरधन्याला सगळी छावणी डब्बेवाला कडुबा म्हणती. मेंढरामागचं पोरगं, चिकलठाण्याच्या कंपनीत लागलं. जखमी माणसाला कसं सांभाळायचं ते कंपनीनंच शिकवलं. मग कुस्ती असू द्या का कबड्डी, लाल फुलीचा डब्बा अन् स्ट्रेचर घेऊन ह्ये मैदानाच्या कडंला बसायचे. खेळ कवा पायलाच नाय, नजर सगळी पडणाऱ्यावर.

नामांतराच्या दंगलीत दगड लागलेल्यांना ह्यांनी पट्ट्या बांधल्या, जात इचारली नाय. भावकीनं बोलणं टाकलं. मी म्हणलं, गेले उडत मेले!

आखाड्यात मातुर ह्यांचं रोज भांडण. पैलवान चितपट झाला की त्याची माणसं धावतात, पटकन उभा करतात, पाठीची माती झाडतात. पाठीला माती म्हंजी हार, ती लोकांनी जास्त येळ बघू नाय. अन् ह्ये बोंबलायचे, "मान दुखावली असंल, हात लावू नका! स्ट्रेचर येऊ द्या!"

वाळूजला नव्या कंपन्या उभ्या राहत व्हत्या, त्या साली छावणीच्या मैदानात आमच्या पोराची, सूर्यभानची, कुस्तीची शेवटची जोड लागली. मी लांब लिंबाखाली बसलेली. समोरच्यानं उचलून आपटला. पोरगं मानंवर पडलं, मग पाठीवर. हलंना. कुण्या मुडद्यानं शिट्टी मारली.

ह्ये पळाले. वस्ताद उचलाया वाकला, त्याला ढकलून दिलं. मला वाटलं, बरं झालं बाई. तर ह्यांनीच पोराच्या काखंत हात घातले अन् त्याला उभं केलं. पाठ झाडली. "ऊठ रं वाघा, ऊठ!" नुकत्या जल्मलेल्या कोकरावाणी त्याची मान लोंबली. स्ट्रेचर कडंलाच राह्यलं.

डाक्टर म्हणला, पडल्यानं दुखावलं व्हतं, उचलल्यानं तुटलं. मानंखालचं अंग गेलं.

मी लई शिव्या दिल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आजबी देते. माझं काळीज जळतंय.

डब्बा घेऊन अजून जातात मैदानावर. घरी आले की सूर्यभानला कुशीवर वळवतात, जखमा व्हऊ नाय म्हून ओल्या फडक्यानं पाठ पुसतात. पुसतच राहतात.

काल पोरगं म्हणलं, "आबा, बास करा की. माती कवाच गेली."

ह्यांचा हात थांबला नाय.