दगडी फरशीवरचा हात

तुमचे आजोबा विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवत. दुष्काळाच्या त्या वर्षांत त्यांना एकच ध्यास लागला होता. पैठणच्या धरणातलं, शेततळ्यांतलं पाणी उन्हानं उडून जातं. त्यावर डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ पापुद्रा पसरायचा आणि वाफ अडवायची. पापुद्रा फार ताठ असला तर लाटेवर तडकणार, फार मऊ असला तर वाऱ्यानं गोळा होणार. म्हणून आधी त्याचा ताठपणा मोजायचा.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या लेखांतलं इंग्रजी तपासायला सुट्टीत त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसे, त्यामुळे हे मोजणं मी पुष्कळदा पाहिलं. बारीक भोकं असलेल्या चकतीवर ते पापुद्रा अलगद उचलून घेत. भोकावर तो ढोलकीच्या पुडीसारखा ताणला जाई. मग यंत्रातली सुई, जिचं टोक साध्या डोळ्यांना दिसतच नाही, त्यावर टेकवून जराशी दाबायची. ही सुई एका लवचिक पट्टीच्या टोकाला असते. पट्टी किती वाकली आणि पापुद्रा किती दबला, यावरून ताठपणा निघतो. पडद्यावर त्याची रेघ उमटते. सुई भोकाऐवजी कडेवर टेकली तर पापुद्र्याऐवजी खालची चकतीच मोजली जाते, हे ते मला दर वेळी नव्यानं सांगत.

त्या उन्हाळ्यात रेघ सरळ येईना. तिच्यावर बारीक लाटा उठत. कारण आम्हाला उघड दिसत होतं. नळाला आठवडा-आठवडा पाणी नव्हतं आणि विभागाच्या भिंतीपलीकडे नवी वसाहत उभी राहत होती. प्लॉटवर पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन फिरे, नारळ उभा राहिला की तिथं बोअरची गाडी लागे आणि जमीन थरथरायला लागे. यंत्र जाड दगडी फरशीवर ठेवलेलं होतं, तरी यांना भरवसा नव्हता. हादरा येतो का ते पाहायला हे उजवा तळवा फरशीवर ठेवत आणि बऱ्याचदा तो तिथंच विसरून डाव्या हातानं काम चालू ठेवत.

शेवटी हे प्लॉटवर गेले. मीही मागोमाग गेले. मालक सिल्लोडकडचे होते, मुलांच्या नोकऱ्यांसाठी शहरात घर बांधत होते. यांनी सुईचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी सर, तुमची सुई हलती म्हणून आम्ही तहानलेलं ऱ्हायचं व्हय?"

"पाणी वाचवायचंच काम आहे ते."

"मग आधी लागू तर द्या. नसलेलं कसं वाचवता?"

यांना हसू आलं. जेवणाच्या वेळेत मशीन बंद ठेवायचं ठरलं. तेव्हा गाडीवाले जेवतच असतात, हे मालकांनी आम्ही निघाल्यावर मागून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर सगळं शांत झालं. पंखाही बंद होता. यांनी सुई टेकवली, आणि रेघेवर पुन्हा त्याच लाटा, अगदी एकसारख्या. हे म्हणाले, दौलताबादच्या रस्त्यानं ट्रक जात असतील. मी पडद्याकडे नाही, त्यांच्या हाताकडे पाहत होते. तळवा फरशीवर होता आणि अंगठा ज्वारीचा दाणा चोळावा तसा हलत होता. घरी चहाचा कप उचलताना मी ते पाहिलं होतं आणि वय झालं म्हणून सोडून दिलं होतं.

"अहो," मी म्हणाले, "जरा हात काढा बरं फरशीवरून."

त्यांनी काढला. रेघ सरळ आली.

मग त्यांनी हात परत फरशीवर ठेवला. लाटा आल्या. काढला, गेल्या. एकदा दिसलं त्यावर विश्वास ठेवू नये, असं त्यांनी जन्मभर विद्यार्थ्यांना सांगितलं होतं. ते पुन्हा हात ठेवायला लागले तेव्हा मी म्हणाले, "पुरे आता."

उरलेली भोकं त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेऊन मोजली. कुठली कळ दाबायची ते सांगत आणि मी दाबत असे. पापुद्रा त्यांना हवा होता त्याहून फार मऊ निघाला.

डॉक्टरांनी पुढं फक्त आजाराचं नाव सांगितलं. तुमचे बाबा त्याच महिन्यात परदेशी नोकरीवर रुजू व्हायला निघणार होते. दवाखान्यातून घरी येताना हे म्हणाले, "त्याला आत्ता सांगू नकोस. तिकीट रद्द करून बसेल." मी म्हणाले, त्याला कळायला हवं. "जाऊ दे त्याला," एवढंच म्हणाले. मग मीही गप्प बसले.

चिकलठाण्याच्या विमानतळावर हे उजवा हात पँटच्या खिशात घालून उभे होते. तुमचे बाबा नमस्काराला वाकले, तेव्हा यांनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. डाव्या हातानं आशीर्वाद देत नाहीत, हे आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक. तुमच्या बाबांनी वर पाहिलं.

"रागावलात का, बाबा?"

"नाही रे. जा, उशीर होतोय."

वडील रागावलेत असंच समजून तुमचे बाबा गेले.