इम्तियाजभाईंचा कान

माझा स्वभाव तक्रारखोर आहे, हे मीच आधी सांगून टाकते. तेव्हा वारज्यातल्या आमच्या गच्चीवर बसवलेला, पाणी तापवायचा नवाकोरा हीट पंप तिसऱ्याच दिवशी शिट्टी मारायला लागल्यावर मी गप्प बसणार होय? इम्तियाजभाईंना फोन लावला.

कसबा पेठेतले इम्तियाजभाई तीस वर्षं आमचे फ्रीज, एसी दुरुस्त करतायत. त्यांची मुलगी माहेनूर मी शिकवायचे त्या वर्गात होती, म्हणून मी त्यांचीही 'बाई'. दुरुस्तीला आले की मीटर-बिटर नंतर. आधी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. ते 'बेअरिंग' म्हणाले की बेअरिंगच.

त्या सकाळीही तसेच उकिडवे बसले. मग म्हणाले, "काँप्रेसर ठणठणीत आहे. कसलाच आवाज नाही."

"अहो, कान किटले माझे! एवढी शिट्टी ऐकू येत नाही तुम्हाला?" मी फटकन बोलले.

त्यांनी मूठ दुसऱ्या कानाला लावली. बराच वेळ लावून ठेवली. शिट्टी तर चालूच होती. त्यांचा चेहरा उतरला.

"घरघर कळते. बारीक आवाज हल्ली निसटतात," ते म्हणाले. "घरी बायकोला, हुस्नबानूलासुद्धा सांगितलं नाही अजून. लोक मला या कानासाठी बोलावतात, बाई. बाहेर कळलं तर कोण बोलावेल?"

मेलं माझं तोंड! मला फार वाईट वाटलं.

"आपण ऐका," ते म्हणाले. "मी हात फिरवतो. आवाज बदलला की सांगा."

मागच्या जाळीवर त्यांनी तळवा दाबला आणि शिट्टी थांबली. "तिथेच, तिथेच!" मी ओरडले. स्विच बंद करून त्यांनी वाकून पाहिलं. हवा आत जायच्या जाळीवर पारदर्शक प्लास्टिक तसंच चिकटलेलं, एक कोपरा सुटून फडफडत होता. आता काय सांगायचं! नव्या वस्तूवरचं प्लास्टिक वर्षभर काढायचं नाही, हा आमच्या घरचा दंडक. बसवणाऱ्याला मीच दटावलं होतं.

"वर्गात आपण पोरांना शिक्षा करायचात," इम्तियाजभाई हसले. "आपल्याला कोण करणार?"

प्लास्टिक ओढून काढलं, पंप चालू केला.

"आवाज गेला?" त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

शिट्टी पुष्कळ कमी झाली होती, पण होती. 'गेला' असं म्हणायला किती सोपं होतं! बिचारे खूश होऊन घरी गेले असते. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"नाही," मी म्हणाले. "बारीकसा आहे अजून."

त्यांनी मोठा श्वास सोडला.

"बरं झालं," ते म्हणाले. "माझं मन राखायला आपण 'गेला' म्हणाला असतात, तर यापुढे मी भरवशानं कोणाला विचारलं असतं?"

स्विच बंद करून ते पुन्हा जाळीशी बसले.